दुसरा बाण मारू नका



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एक उपासक विहारात मागे थांबले. मन बरे झाले, आता गोळ्या कशाला, असे म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यांनी उदासीनतेच्या आजारावरील गोळ्या एकाएकी बंद केल्या होत्या. चार दिवसांतच डोके गरगरू लागले, विजेचे झटके बसल्यासारखे होऊ लागले आणि झोप उडाली. तो त्रास अजून पुरता गेलेला नाही. ते म्हणाले, "भन्तेजी, त्रास सोसवतो. पण घरचे याला ढोंग म्हणतात. आई म्हणते, हे मागल्या जन्माचे पाप आहे. काकू म्हणते, देवऋष्याकडे चल."

बंधूंनो, संयुत्त निकायातील सल्लत्थ सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तो ज्ञानी माणसालाही लागतो. त्या वेदनेपायी शोक करणे, ऊर बडवणे हा दुसरा बाण. तो अज्ञानी माणूस स्वतःच ओढवून घेतो. परंतु आपल्या घरांत हा दुसरा बाण पुष्कळदा आपलीच माणसे मारतात!

हा त्रास ढोंग आहे काय? मुळीच नाही. या गोळ्यांची शरीराला सवय झालेली असते. त्या अचानक सुटल्या की चक्कर, मळमळ, अस्वस्थता, निद्रानाश, रडू येणे असे विकार उद्भवतात. अनेकांचे ते काही आठवड्यांत शमतात, काहींचे महिनोन् महिने रेंगाळतात. काही थोड्या जणांच्या बाबतीत गोळ्या थांबल्यावरही पतिपत्नीच्या संबंधांतील इच्छा व संवेदना परत येत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत तशी सूचना घालण्यास सांगितले. म्हणून अशा पतीला वा पत्नीला 'तुझे प्रेम आटले' असे म्हणणे हा अन्याय आहे.

हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माचा असा अर्थ नाकारला आहे. दुःखाला कारण असते, ते शोधावे लागते. अंगारा आणि नवस यांनी ते कारण सापडत नाही. जे घराबाहेर टाकले, ते आजारपणाच्या दाराने पुन्हा आत घेऊ नका.

मग करावे काय? येथेही मध्यम मार्गच कामी येतो. पुष्कळांना याच गोळ्यांनी सावरले आहे. म्हणून भीतीने त्या फेकू नका, आणि डॉक्टरांना न विचारता बंदही करू नका. बंद करायच्या झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू, आठवडे किंवा महिने घेऊन कमी करावी. शेवटच्या पायऱ्या तर अधिकच लहान असाव्यात. कोणता त्रास कोणत्या दिवशी झाला, हे वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवावी. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जावे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या सरकारी क्रमांकावर करता येते. पंचशीलातील पाचवे शील या दिवसांत विशेष जपावे, कारण दारूने झोप आणि मन दोन्ही अधिक बिघडतात. ध्यानाला बसून घालमेल वाढत असेल, तर हट्ट न करता सावकाश चालावे. जीव नकोसा वाटू लागला, तर माणसाला एकटे ठेवू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

रेंगाळलेल्या त्रासावर आज हमखास औषध नाही, हे खरे आहे. म्हणूनच सेवेचे मोल मोठे आहे. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. हा आजार कशाने झाला, याचा जाब त्यांनी रोग्याकडे मागितला नाही.

त्या उपासकांच्या आईला मी एवढेच सांगितले, "माई, मुलगा सांगतो ते खरे माना. रात्री झोप आली नाही तर त्याच्याजवळ बसा." पहिला बाण काढणे आपल्या हाती असेल वा नसेल, दुसरा न मारणे खचित आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!