परिचारकाचा अनुराग कोणाकडे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार, असे सोळा गुण एकत्र आले म्हणजे चिकित्सा सफल होते, असे हे मत असून, परिचारकाच्या ठिकाणी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. त्याच अध्यायात मात्र वैद्याचे प्राधान्य ठसवण्यासाठी कुंभाराचा दृष्टान्त येतो: माती, दांडा आणि चाक असूनही कुंभारावाचून घडा होत नाही. ज्याच्याकडून अनुरागासारख्या मनोधर्माची अपेक्षा धरली, तोच परिचारक दृष्टान्तात चाकाच्या रांगेत जाऊन बसतो, आणि माणूस दुसऱ्याचे साधन असताना स्वतः नैतिक कर्ता राहू शकतो काय, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

भांगेसारख्या द्रव्याजवळ हा प्रश्न अधिक तीव्र होतो. आयुर्वेदात विजया या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती जातीफलादि चूर्णात इतर वीस द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी पडते आणि या सर्वांइतकी साखर मिसळली जाते. म्हणजे चूर्णाचा चौथा हिस्सा भांगच असतो. 1945 च्या औषध नियमांतील विषद्रव्यांच्या यादीत तिचा समावेश असल्यामुळे असे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते. आता नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या आयुर्वेद रुग्णालयात ग्रहणीच्या, म्हणजे जुनाट अतिसारासारख्या विकाराच्या, रुग्णाची या चूर्णाची चिठ्ठी औषध देणाऱ्या परिचारकाच्या हाती यावी आणि हा रुग्ण झोपेच्या गोळ्याही घेतो, हे बोलता बोलता त्याला कळून दोन्ही एकत्र देण्याविषयी शंका यावी. चिठ्ठी वैद्याची आहे, परंतु पुडी त्याच्या हातून जाणार आहे. त्याने हात आखडला तर तो उद्धटपणा ठरतो की अनुराग?

प्राचीन परिचारक बहुधा रोग्याच्या घरचा असे, आजचा संस्थेचा पगारदार आहे. म्हणून त्याची निष्ठा विभागली जाते, आणि वरिष्ठांची मर्जी राखणे व रुग्णाचे हित जपणे यांत अंतर पडले की बहुतेक जण गप्प राहतात. हे मौन व्यक्तीच्या भित्रेपणापेक्षा समूहाच्या रचनेतून येते, हे नीट समजून घेतले पाहिजे. उदाहरणार्थ, ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाल्यावर एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. त्या मृत्यूंचे उत्तर मागणे योग्यच होते. तथापि अपमानाने उत्तरदायित्व निर्माण होत नाही, उलट प्रमुखाचीच अशी गत होते हे पाहणारा कनिष्ठ आपली चूक सांगण्याऐवजी ती झाकायला शिकतो. ज्या शहरात सचखंड गुरुद्वाऱ्यात फरशी पुसणे आणि भांडी घासणे ही सेवा म्हणून आनंदाने केली जाते, तेथेच तेच काम शिक्षा म्हणून लादले गेले, हे विशेष खटकणारे आहे. शुचितेला चरकाने गुण मानले, दंड नव्हे.

यावरून परिचारकाचा अनुराग प्रथम रोग्याकडे असला पाहिजे, आणि तो तसा राहावा याची तजवीज करणे हेच प्रमुखाचे खरे प्राधान्य आहे, असे म्हणावे लागते. औषध देणाऱ्याने शंकेची चिठ्ठी परत पाठवली तर त्याला क्षमा मागावी लागू नये, वैद्याने ती पुन्हा तपासून नोंदवहीत शंका आणि निर्णय दोन्ही लिहावेत, आणि निर्णय शंकेविरुद्ध गेला तरी पुढच्या वेळी तोच माणूस तितक्याच मोकळेपणाने विचारू शकावा.