वीस गुणांची पाटीलकी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी भरलेल्या व्याख्यानमालेत ग्रामीण राजकारणाचे एक जाणते अभ्यासक, माझे जुने मित्र, म्हणाले, "आमदाराला लाखभर लोकांनी मतं दिलेली असतात. परीक्षेत पहिल्या आलेल्याला कुणी मत दिलेलं असतं? मग गावचा पोलीस पाटील कोण असावा हे आमदारानं सुचवलं, तर लोकशाहीचं काय बिघडलं?" टाळ्या पडल्या. मी उठून काहीतरी बोललो, पण ते पांगळे होते. त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की विषय कुठल्या गावाचा चालला आहे. तिथे लेखी परीक्षेत पहिली आलेली मुलगी तोंडी परीक्षेनंतर दुसरी झाली होती आणि निवड झालेल्या तरुणाबद्दल "साहेबांनी लावला" एवढे दोनच शब्द सगळीकडे ऐकू येत होते. मित्राला मी तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आता देतो.

आधी हे पद काय आहे ते पाहू. मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने गेले आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील उभा केला. दहावी पास, त्याच गावचा रहिवासी, वय पंचवीस ते पंचेचाळीस. नेमणूक प्रांताधिकारी करतात. मानधन अलीकडेपर्यंत साडेसहा हजार होते, 2024 मध्ये ते पंधरा हजार झाले. शहरातल्या वाचकाला वाटेल, एवढ्याशा पदासाठी एवढी धावपळ कशाला? त्याने एकदा गावात राहून पाहावे. विहिरीत प्रेत सापडले की ठाण्याला पहिली खबर पोलीस पाटलाची. बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, हातभट्टी लागली, जत्रेत पालखीच्या मानावरून दोन भावक्या समोरासमोर आल्या, की साहेब आधी त्याला विचारतात. तो काय सांगतो यात त्याची सत्ता आहेच, पण काय सांगत नाही यात ती त्याहून मोठी आहे. म्हणून प्रत्येक गटाला पाटील आपला हवा असतो.

निवड शंभर गुणांची, त्यातले ऐंशी लेखी आणि वीस तोंडी. हे वीस गुण म्हणजे सगळ्या भांडणाची नाभी. समजा, एकीला लेखीत बासष्ट आहेत आणि दुसऱ्याला सत्तावन्न. तोंडीत तिला आठ आणि त्याला सोळा दिले की निकाल फिरला, आणि कुठल्याही कागदावर खाडाखोड झाली नाही. हे फार जुने दुखणे आहे. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या भरतीवरून झालेल्या अशोककुमार यादव खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलाखतीचा वाटा अवाजवी मोठा ठेवला की मनमानीला दार उघडते. सर्वसाधारण उमेदवारांसाठी न्यायालयाने 12.2 टक्क्यांची मर्यादा घातली. केंद्र सरकारने तर 2016 पासून खालच्या श्रेणीतल्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. गावाच्या चावडीत मात्र वीस गुण शिल्लक आहेत.

व्याख्यानानंतर कित्येक दिवस माझे म्हणणे साधे होते : तोंडी परीक्षा काढून टाका, लेखीवर निवड करा, भांडण मिटले. आज मी तसे म्हणत नाही. याच तालुक्यात मी असेही पाटील पाहिले आहेत, ज्यांनी क्लास लावून सामान्य ज्ञान पाठ केले, लेखीत बाजी मारली, आणि नेमणूक होताच बिऱ्हाड पुण्याला हलवले. रेशनकार्ड गावचे, माणूस हडपसरचा. रात्री दोन वाजता कुणी दार ठोठावले तर उठून येईल का, दुसऱ्या आळीतला माणूस त्याच्याशी मोकळेपणी बोलेल का, बाईमाणूस त्याला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगू शकेल का, हे ऐंशी गुणांच्या प्रश्नपत्रिकेला कळत नाही. गावची माहिती ही खरी गोष्ट आहे, आणि माझ्या मित्राच्या बोलण्यातला तेवढा भाग खरा आहे हे मला मान्य करावे लागते. पण ती माहिती आमदाराकडे असते हे त्याने कुठून आणले? आमदाराला कोणत्या बूथवर कोण राबला हे ठाऊक असते. दार ठोठावल्यावर कोण उठतो हे त्या आळीला ठाऊक असते, आणि आळीला कुणी विचारतच नाही.

मित्राने शाहू महाराजांनाही साक्षीला काढले होते. महाराजांनीही आपली माणसे नेमलीच की! हे वाक्य मला सर्वात जास्त लागले. 26 जुलै 1902 रोजी करवीर गॅझेटात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागांचा हुकूम छापून आला. तो सगळ्यांना वाचता येत होता, त्यावर टीका करता येत होती, आणि लोकांनी ती केलीही. तो वर्गासाठी होता, त्यासाठी कुणा एकाला वाड्याच्या पायरीवर बसून राहावे लागत नव्हते. पुढे 1918 मध्ये त्यांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी आणले. ज्याने नेमणुकीतला वंशाचा हक्क मोडला, त्याचे नाव फोनवरच्या शिफारशीला चिकटवणे हा अन्याय आहे.

आणि वतनाचा विषय निघाला की बाबासाहेब आंबेडकरांकडे जावेच लागते. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनाची त्यांनी केलेली चिकित्सा मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तिच्यात आजच्या तालुक्याचे चित्र दिसते. वतनदाराचे काम मोजलेले नसे. कुठल्याही अंमलदाराने कुठल्याही वेळी बोलवावे, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला न्यावे. मोबदला तुटपुंजा, आणि बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर. तरीही माणसे त्या वतनाला धरून होती, कारण हातचे थोडे सुटेल ही भीती होती. बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले : थोडेसे देऊन माणसाला जन्मभर बांधून ठेवता येते, आणि त्या बांधणीत त्याची उमेद व स्वाभिमान मरतो. वतनाची जमीन सेवेच्या बेडीतून सोडवावी, पूर्ण सारा घ्या पण माणूस मोकळा करा, हे त्यांचे मागणे होते. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये आला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

हे वाचत असताना मला त्या निवड झालेल्या तरुणाला भेटावेसे वाटले. मी रागात गेलो होतो. तो हुशार निघाला, गावातच राहणारा, लेखीतही दुसरा होता. त्याने चहा ठेवला आणि स्वतःहून सांगितले, "सर, मला कदाचित असंही मिळालं असतं. आता ते कधीच कळणार नाही. सभा असली की जीप भरून माणसं आणायला सांगतात. पोलीस पाटलाला राजकारणात भाग घेता येत नाही म्हटलं, तर म्हणतात, तुला लावला कुणी?" मुदत संपली की नूतनीकरण असते, तेव्हा पुन्हा त्याच दारात जायचे, हेही तो म्हणाला.

आपल्या भाषेत नोकरी 'लागते', आणि कुणीतरी ती 'लावून' देतो. लागलेली नोकरी माणसाची असते. लावलेली नोकरी लावणाऱ्याची राहते, मग लायकी कितीही असो. मित्रा, तुझी चूक इथे आहे. तू विचारतोस, योग्य माणूस आला तर बिघडले काय? योग्य माणूसच बिघडला. वतनदार पूर्वी गावाचा बांधील होता, आता एका घराचा. आणि वंशाचा धागाही पुरता तुटलेला नाही. गुण समान पडले तर पोलीस पाटलाच्या वारसाला पहिले प्राधान्य, असे भरतीच्या जाहिरातींत अजून छापले जाते.

म्हणून माझी मागणी आता बदलली आहे. तोंडी परीक्षा राहू दे, पण वीसऐवजी दहा गुणांची, आणि प्रत्येक उमेदवाराला दिलेल्या गुणांमागचे कारण दोन ओळींत लिहून चावडीवर लावावे. आमदारांना शिफारस करायची असेल तर त्यांनी सहीचे पत्र द्यावे, ते फायलीत लागावे आणि गावाने वाचावे. जी शिफारस सही करून देता येत नाही, तिला लोकांचा कौल कसा म्हणायचे? मतदान गुप्त असते ते मतदाराचे, निवडून आलेल्याचे नव्हे.

ती मुलगी प्रशासकीय न्यायाधिकरणात गेली आहे. माहिती अधिकारात तिला तोंडी परीक्षेचा तक्ता मिळाला, त्याची प्रत तिने मला दाखवली. तिच्या नावापुढे एक आकडा आहे, त्या तरुणाच्या नावापुढे दुसरा. खाली तिघा अधिकाऱ्यांच्या सह्या. शेवटच्या रकान्याचे शीर्षक 'शेरा' असे आहे, आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा आहे.