एक ज्वारी, सहा गट
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक असे 6 गट असतात. एकाच ज्वारीचा अभ्यास करताना शेतीचा विद्यार्थी खोडमाशीने मेलेले पोंगे मोजेल, वाणिज्याचा बाजारभाव, तर मराठीचा दळताना म्हटलेल्या ओव्या तपासेल. मग खरी ज्वारी कोणाची? जैनांचा नयवाद सांगतो, प्रत्येक दृष्टी आपल्या कक्षेत खरी. दुसरीला नाकारू लागली की खोटी. सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त हेच मांडले. यावर आक्षेप ठरलेला: मग काहीही खपेल! तसे नाही. दृष्टी एकदा जाहीर केली की तिचे नियमही गळ्यात पडतात. पोंग्यांची मोजणी चुकली तर ओव्या तिला वाचवत नाहीत. अडचण आहे ती वर्गवारीची: ओवीतून जुन्या वाणांचा माग काढणारा प्रकल्प कुठल्या गटात नोंदवायचा?