तकदीर आणि तदबीर

एखादा धडधाकट तरुण मैदानावर धावता धावता कोसळतो आणि परत उठत नाही. मयतीला जमलेले आपण एकमेकांना समजावतो, 'त्याची वेळ भरली होती.' दुःखात या शब्दांचा आधार मोठा असतो. परंतु त्यांच्याआड आपण आपली जबाबदारीही लपवत नाही ना?

26 जून 2003 रोजी फ्रान्समधील लियों शहरात कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए भर सामन्यात कोसळला आणि गेला. वय अवघे 28. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, हे शवविच्छेदनात कळले. असा माणूस वरून अगदी निरोगी दिसतो. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच पडला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले. आत त्याची छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला आणि थांबलेले हृदय पुन्हा चालू झाले. 2024 च्या युरो स्पर्धेत त्याने आपल्या देशासाठी गोलही केला.

एकाची वेळ भरली होती, दुसऱ्याची नव्हती, एवढेच म्हणून आपण मोकळे व्हायचे का? प्रत्येक हृदय वेगळे, हे खरेच. पण हृदय थांबल्यावर उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते, हेही खरे. मृत्यू आपल्या हाती नाही. ती मिनिटे मात्र असतात.

आपल्या मोहल्ल्यातील क्रिकेट स्पर्धेला मंडप असतो, लाऊडस्पीकर असतो, कमरेएवढा चषक असतो. खेळाडू कोसळला, की गर्दी होते. कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा हुंगवतो. तळमळ सर्वांना असते, माहिती कोणालाच नसते. माणूस बेशुद्ध आहे, नीट श्वास घेत नाही, हे दिसताच 108 ला फोन लावायचा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोर देऊन दाबत राहायचे. हे शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार आपण काढलेली नाही.

तदबीर केल्यावर जे घडेल त्याला तकदीर म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. तदबीर न करताच तो शब्द उच्चारणे म्हणजे आपली कसूर अल्लाहच्या नावावर टाकणे होय.