कृत्रिम त्वचा आणि स्पर्शाचा ज्ञाता

कृत्रिम त्वचा म्हणजे रबरासारख्या लवचिक पटलात बसवलेली दाबसंवेदकांची जाळी. तिच्या एका प्रकारात दोन विद्युतवाहक थरांमध्ये विद्युतरोधक थर असतो; दाब पडला की अंतर घटते आणि धारिता वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ यांच्या गटाने २०१० मध्ये मधल्या रबरी थराला सूक्ष्म पिरॅमिडांचा आकार दिला, तेव्हा माशीच्या वजनाचा भारही नोंदला गेला. इतकी सूक्ष्म नोंद म्हणजे स्पर्शज्ञान मानायचे काय?

न्यायदर्शनाची मांडणी इथे फार उपयोगी पडते. आत्म्याचा मनाशी, मनाचा इंद्रियाशी आणि इंद्रियाचा विषयाशी संयोग झाला म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान होते, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो. त्वचा हे केवळ करण, म्हणजे साधन आहे. कुऱ्हाडीने लाकूड तुटते, पण तोडणारा निराळा असतो. या हिशेबाने संवेदकाचा विषयाशी संयोग होतो, पुढची साखळी मात्र रिकामी राहते. जडवादी चार्वाकाला ही अडचण नाही. चैतन्य भूतांच्या, म्हणजे जड तत्त्वांच्या, विशिष्ट मिश्रणातून उपजते, असे तो मानत असल्यामुळे यंत्रालाही कधी काळी स्पर्श जाणवेल, ही शक्यता त्याच्या मतात खुली राहते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगाने हा वाद अधिक नेमका केला. कृत्रिम हाताच्या बोटांवर संवेदक चढवून त्यांचे संकेत हात गमावलेल्या व्यक्तीच्या उरलेल्या मज्जातंतूंना विद्युतस्पंदांच्या रूपात दिले गेले. स्पर्श आणि टोचणे तिला नसलेल्या हातात जाणवले. इथे साखळी पूर्ण झाली. करण घडवलेले असले तरी ज्ञान खरेच होते, हे नैयायिकानेही मान्य करायला हवे.

त्याच कृत्रिम हाताला टोकदार वस्तू आपोआप सोडून देण्याचीही व्यवस्था होती, आणि तात्त्विकदृष्ट्या हा भाग सर्वांत गंभीर आहे. हित मिळवण्याची प्रवृत्ती आणि अहितापासूनची निवृत्ती शरीरात दिसली की सारथ्यासारखा कोणी चालवणारा आत आहे, असे अनुमान वैशेषिक आचार्य प्रशस्तपाद करतो. कृत्रिम हाताची निवृत्ती मात्र विद्युत परिपथातूनच घडते. मग निवृत्ती हा हेतू सव्यभिचार, म्हणजे चालवणारा नसतानाही आढळणारा, ठरतो, आणि परक्याची वेदना ओळखण्यासाठी केवळ मागे घेतलेला हात पुरेसा राहत नाही.