टोप्यांमागची उनाडकी

"पुणेरी पगडीची माहिती काढायला बसलास आणि इक्वेडोरला पोचलास? याला अभ्यास नाही, उनाडक्या म्हणतात," आमचे एक स्नेही म्हणाले. आयुष्यभर ठरलेल्या रुळावरून चाललेले गृहस्थ. इंटरनेट वेळ खातं, हे मलाही पाठ आहे. पण त्यांचं बोलणं झोंबलं खरं.

पगडीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं वाचून उठायला हरकत नव्हती. पण टोपी आणि गाव यांचं नातं असतं तरी किती पक्कं? पनामा हॅट मुळात इक्वेडोरची. तोकिया नावाच्या झाडाची कोवळी पानं चिरायची, उकळायची, वाळवायची. मग तिथल्या मोंतेक्रिस्ती गावचे कारागीर लाकडी ठोकळ्यावर छातीचा भार टाकून, ओणवे राहून ती विणत बसतात. उत्तमातल्या उत्तम टोपीला महिनेच्या महिने लागतात. माल पनामामार्गे बाहेर गेला आणि नाव मिळालं वाटेवरच्या मुक्कामाला!

तिथून घसरलो तो फेझवर. तुर्की परंपरा म्हणून आपण जिच्याकडे बघतो, ती टोपी ऑटोमन सुलतान दुसऱ्या महमूदाने 1829मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना पागोटी उतरवून घालायला लावली, नव्या जमान्याची म्हणून. 1925मध्ये तुर्कस्तानच्या अतातुर्कने तिलाच जुनाट ठरवून हद्दपार केलं. मधे 1908मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा इस्तंबूलकरांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार घातला. तर डोक्यावरच्या फेझच मुळी ऑस्ट्रियन कारखान्यांतल्या! पठ्ठ्यांनी त्या काढून फेकल्या.

हे सरळ रस्त्याने गेलो असतो तर कळलं असतं? स्नेह्यांना मी बजावणार होतो की, आपणहून भटकणं वेगळं आणि एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंनी फरफटत नेणं वेगळं. पण बोटाने दुवा मीच दाबला, म्हणून भटकंती माझी ठरते का? फेझची गोष्ट भिडली, ती 'पारंपरिक म्हणजे कुणी आणि केव्हा ठरवलेलं' हे पगडीमुळे डोक्यात घोळत होतं म्हणून. ते नसतं तर टोप्यांची चित्रं बघून झोपलो असतो.

म्हणजे निम्मा निकाल स्नेह्यांच्या बाजूने द्यावाच लागतो. आधी स्वतःचा एक नेमका प्रश्न हवा, मग खुशाल उंडारावं. उलट्या क्रमाने हे जमत नाही.