माझा होकार कुणासाठी?

गोव्यात मी बॅडमिंटन शिकवतो. डिचोलीतले, पेडण्यातले पालक विचारतात, "सर, आमच्या बायला एकेरीतच पुढे न्यायची ना?" माझा होकार ओठांवर तयारच असतो. तो मुलीसाठी असतो की माझ्यासाठी, हे मला तपासायलाच हवं. तिचं मनगट चांगलं आहे, पाय हलके आहेत, हे खरं. पण आपल्या तालुक्याचं नाव पेपरात यावं ही हाव माझीही आहे. आयुष्याची दहा-बारा वर्षं मात्र तिची जाणार आहेत.

दाखला द्यायचा तर मूळ गोव्याच्या तनिषा क्रास्तोचं नाव पटकन आठवतं. 2024 साली ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळली. मलाही तिचा अभिमान आहे. पण तिचा जन्म दुबईतला, तिथेच वडिलांनी तिला घडवलं, पुढे ती हैदराबादला गेली, आणि ती खेळते दुहेरी. हे न सांगता तिचं नाव घेणं म्हणजे पालकांना अर्धंच सत्य सांगणं. एकेरीत आठवते ती गोव्याची अनुरा प्रभुदेसाई. 2017 साली नागपूरच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत ती उपांत्य फेरीत पोचली होती. समोर साईना नेहवाल होती. तिथवर पोचणं केवढं मोठं, हे आमच्या लोकांना कधी नीट कळलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण एकेरीची वाट फार खर्चाची आहे. जागतिक क्रमवारीत 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचेच गुण धरतात. ते मिळवायला सतत देशोदेशी फिरावं लागतं. छोट्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलं तर तिकिटाचे पैसेही निघत नाहीत. सरावाला पिसांची फुलं लागतात, आणि बारा फुलांची चांगली नळी हजाराच्या वर जाते. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीत कितीतरी घरांचे खाणीवरच्या ट्रकांचे हप्ते थकले. अशा घराला मी कोणत्या तोंडाने सांगू की थोडी कळ काढा, पोर नाव काढेल? गुडघा, घोटा, खांदा यांतलं एक जरी दुखावलं तरी अख्खं वर्ष जातं, आणि एकेरीत भार वाटून घ्यायला जोडीदार नसतो.

या वाटेवर यश मिळतंही. नागपूरच्या मालविका बनसोडने 2022 साली इंडिया ओपनमध्ये साईनाला हरवलं. तिने शिक्षण सोडलं नव्हतं. तिची आई दंतवैद्य, पण लेकीच्या खेळासाठी ती क्रीडाविज्ञान शिकली. एवढं पाठबळ किती घरांना जमेल?

तरीही मी नकार देणार नाही. पोरीला खेळायची ओढ असेल तर तिला अडवण्याचा हक्क मला नाही. पण आता होकाराआधी खर्चाचा हिशेब मांडेन, आणि दहावी-बारावी सोडू देणार नाही. पालकांनो, मला विचारायला याल तेव्हा मुलीलाही घेऊन या, आणि आधी तिचं ऐका.